ते कुलूप आजही बंद आहे

सन्माननीय मंत्री महोदय,
सप्रेम नमस्कार.

आपला वेळ मोलाचा आहे, म्हणून आधी मुद्द्याचं सांगतो. यंदाच्या माघी अमावास्येला माझ्या आईच्या खुब्याचं हाड मोडलं. ज्या कारणाने मोडलं, ते मी गेल्या वर्षीच लेखी कळवलं होतं. त्याला उत्तरही आलं होतं. ‘पुढील यात्रेपूर्वी प्रसाधनगृह वापरासाठी खुले करण्यात येईल.’ खाली सही, शिक्का, जावक क्रमांक. तो कागद माझ्यासमोर आहे.

यंदा आमच्या गावची देवस्वारी देवगडजवळच्या कुणकेश्वराला, समुद्राकाठच्या महादेवाला निघाली. देव काही दरवर्षी निघत नाही, कौल म्हणजे देवाचा होकार व्हावा लागतो. महाशिवरात्रीला गावोगावचे देव आपली माणसं घेऊन चालत कुणकेश्वराला येतात आणि अमावास्येला समुद्रात तीर्थस्नान करतात. पुढे तरंग म्हणजे वस्त्रं नेसवलेले देवाचे खांब, ढोल, अब्दागिरी आणि मागे सगळा गाव. आमची वाट दोन दिवसांची. आई अडुसष्ट वर्षांची, तरी सगळी वाट अनवाणी चालली. दुपारचं डांबर भाजायला लागलं की रस्त्याकडेच्या मातीतून चालायची. आमच्यात निम्म्याहून जास्त बायकाच होत्या आणि त्यांनी त्या दोन दिवसांत पाणी किती बेतानं प्यायलं, ते मी पाहिलं आहे. पुरुषाला कुठलंही कुंपण चालतं. बाई अंधार पडायची वाट बघते.

तीर्थस्नान झालं, जेवणं झाली. परतीच्या गाड्या संध्याकाळी होत्या. आई म्हणाली, “देवाचा काम झाला, आता घडीभर वाळयेर बसाया.” यात्रेच्या गर्दीपासून थोडं दूर एक किनारा आहे. नाव लिहीत नाही, कारण तिथल्या माणसांशी माझं भांडण नाही. सुरूचं बन, लांबलचक वाळू. अमावास्येची ओहोटी असल्याने पाणी खूप आत गेलं होतं आणि एरवी बुडालेली खडपं, म्हणजे किनाऱ्याचे कातळ, उघडी पडली होती. आईने फोड आलेले पाय पाण्यात सोडले. अर्धा तास ती एक शब्द बोलली नाही. जन्म कोकणात गेला, पण समुद्रापाशी काही काम नसताना नुसतं बसायची तिची ती पहिलीच वेळ. मग हळूच म्हणाली, “झिला, खंय आडोसो आसा काय बघ.”

आडोसा समोरच होता, मंत्री महोदय. सुरूच्या बनाला लागून पक्कं प्रसाधनगृह, भिंतीवर पदर घेतलेल्या बाईचं चित्र, बाजूला काळ्या दगडाची कोनशिला. कोनशिलेवरची सोनेरी अक्षरं अजून लखलखत होती. दाराला कुलूप. गेल्या वर्षी मी पाहिलं तेच. खाऱ्या वाऱ्याने ते इतकं गंजलं होतं की नख लावलं तरी तांबडी भुकटी पडत होती आणि किल्लीच्या भोकात कोळ्याने जाळं विणलं होतं. छपरावर टाकी होती, पण तिला नळच जोडलेला नव्हता.

आई खडपांच्या मागे गेली. शेवाळावरून पाय सटकला. तिची किंकाळी मला लाटांच्या आवाजात ऐकूसुद्धा आली नाही. बराच वेळ झाला म्हणून मी गेलो, तर ती दोन दगडांच्या मधे पडलेली, आणि अशा अवस्थेतही एका हाताने लुगडं सावरत होती. ते मी विसरू शकत नाही.

रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं, ओढणाऱ्या माणसांनी दोन वल्ह्यांना जाळं बांधून झोळी केली आणि तिला वाळूतून रस्त्यापर्यंत आणलं. त्यांनी माझं नावही विचारलं नाही. रुग्णवाहिका पावणेदोन तासांनी आली. पहिल्या दवाखान्यात क्ष-किरण यंत्र होतं, ते चालवणारा माणूस नव्हता. दुसऱ्या ठिकाणी सांगितलं, बांबोळीला न्या. म्हणजे गोव्यात, शंभराहून जास्त किलोमीटर. आमच्या जिल्ह्यात हाड मोडलं की माणूस दुसऱ्या राज्याचा रस्ता धरतो, हे आपल्याला नवीन नसेल. प्रत्येक खड्ड्याला आई “महादेवा” म्हणायची. मग तेही म्हणेनाशी झाली, आणि मी तिच्या नाकाशी हात धरून बसलो.

आता तिच्या खुब्यात सळई आहे. वॉकर धरून ती ओटीवरून माजघरात जाते, तेवढंच. आंब्याच्या ऐन हंगामात मी बाग अर्ध्या वाट्याने दुसऱ्याला दिली. पुढचा पाऊस कसा निघणार, ते मला ठाऊक नाही.

सिंधुदुर्ग पर्यटन जिल्हा म्हणून १९९७ मध्ये जाहीर झाला. १२१ किलोमीटरचा किनारा आहे आमचा. एवढ्या वर्षांत एका दाराची किल्ली सापडू नये? २०२० मध्ये देशातल्या ८ किनाऱ्यांना ब्लू फ्लॅग, म्हणजे स्वच्छ आणि सुरक्षित किनाऱ्याचं आंतरराष्ट्रीय मानांकन मिळालं. शेजारच्या कर्नाटकचे त्यात दोन होते, कासरकोड आणि पडुबिद्री. आपला एकही नव्हता. समुद्र तोच, वाळूही तशीच. फरक राबवणाऱ्यांत आहे. २०१६ मध्ये मुरूडला सहलीला आलेले १४ विद्यार्थी बुडाले, २०१७ मध्ये मालवणजवळ वायरीला ८. तेव्हा सगळे हळहळले. आई पडली त्या दिवशी मी किनाऱ्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहिलं. जीवरक्षक नव्हता, भरती-ओहोटीच्या वेळा सांगणारा फलकही नव्हता.

आणि हे एका किनाऱ्याचंच नाही. मुंबई-गोवा महामार्गाचं चौपदरीकरण २०११ मध्ये सुरू झालं. तेव्हा पहिलीत असलेली पोरं आज नोकऱ्या शोधतायत आणि गणपतीला त्याच खड्ड्यांतून घरी येतायत. मालवणच्या राजकोट किल्ल्यावर शिवाजी महाराजांचा पुतळा डिसेंबर २०२३ मध्ये उभा केला, ऑगस्ट २०२४ मध्ये तो कोसळला. महाराजांचा पुतळा! त्या दिवशी आमच्या गावात कितीतरी घरी चूल पेटली नाही. या राज्यात कामाचा शेवट उद्घाटनाला होतो. फीत कापली, फोटो निघाला, बिल निघालं, संपलं. नंतर तिथे पाणी कोण भरणार, झाडणार कोण, किल्ली कुणाच्या खिशात राहणार, यासाठी पैसाही नाही आणि माणूसही नाही. मी चार कार्यालयांत जाऊन आलो. प्रत्येकाने दुसऱ्याकडे बोट दाखवलं. इमारत एकाने बांधली, जागा दुसऱ्याची, हस्तांतरण झालेलं नाही, म्हणून वीज नाही, म्हणून पंप नाही, म्हणून पाणी नाही. माझ्या आईचं हाड या चार टेबलांच्या मधे मोडलं आहे.

मला भरपाई नको. ते दार उघडा. पाणी द्या. गावातल्याच एखाद्या बाईला पगार देऊन राखणीला ठेवा, यात्रेपुरतं नव्हे, बारा महिने. आणि अशी किती दारं या किनाऱ्यावर बंद आहेत, ती मोजून यादी जाहीर करा.

उत्तर पाठवाल तर उघड्या दाराचा फोटो पाठवा. ‘खुले करण्यात येईल’ असं लिहिलेला कागद माझ्याकडे आधीच आहे.

आपला,
देवस्वारीसोबत चाललेला एक बागायतदार