ऐकू आलं की बटण दाबा, ताई

ऑडिओमेट्रीवाले दादा, नमस्कार.

तुमचं नाव मला माहीत नाही. गळ्यातलं आयकार्ड उलटं फिरलेलं होतं आणि ते सरळ करून वाचण्याइतकं भानही मला त्या दिवशी नव्हतं. वयानं तुम्ही माझ्यापेक्षा चार-पाच वर्षांनी लहानच असाल, पण दादाच म्हणते, सवय आहे. मधे दोनदा तिथं जाऊन आले. रिसेप्शनवरच्या बाई म्हणाल्या ते सोडून गेले, नंबर देता येणार नाही. बरोबरच आहे त्यांचं. म्हणून हे इथं सगळ्यांसमोर लिहितेय, तुमच्यापर्यंत पोचलं तर पोचलं.

तुम्हाला आठवत असेन की नाही कोण जाणे, रोज किती कान तपासत असाल तुम्ही. २०२४ची दिवाळी नुकतीच झाली होती. मी म्हणजे ती ढोलवाली. नऊ वर्षं पथकात, नदीपात्रात सराव, कमरेला ढोल, उजव्या बाजूला कायम ताशा. त्या वर्षी विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी झोपून उठले तर कानात शिट्टी. जुना डब्बा टीव्ही चालू केला की यायची ना बारीक, तसली. वाटलं जाईल दोन दिवसांत, दरवर्षी जायचीच. पण नाही गेली, आणि वर दिवाळीचे फटाके.

तुमच्याआधी किती जणांकडे गेले ते सांगत बसत नाही, पण एकांचं सांगतेच. मोठे डॉक्टर, बाहेर दोन तास बसवलं, आत दोन मिनिटं. मान वर न करता म्हणाले, 'याला औषध नाही, सवय करून घ्या.' बरं, औषध नाही हे खरंच आहे, ते मी नंतर वाचलं. पण सवय करून घ्यायची म्हणजे नेमकं काय करायचं हो? रात्री दोन वाजता काय करायचं? ते कोण सांगणार? पथकातली पोरं म्हणाली अगं सगळ्यांच्याच कानात वाजतं, लोड घेऊ नको. मामी म्हणाली ओंकार लाव. ऑफिसातल्या एकानं दोनशे गाण्यांची लिस्ट पाठवली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी साडेनऊला विचारलं, कसं वाटलं? आणि ते ॲप! 'शांत', 'झोप', 'रिलॅक्स' असलं काहीतरी नाव असलेल्या याद्या, त्यात पावसाचा आवाज, बासरी, कोणी वाजवलंय त्याचा पत्ता नाही, आणि मधेच जाहिरात दणकन. मी मोबाईल भिंतीवर फेकायचा बाकी ठेवला होता. ढोलाला घाबरले नाही कधी, त्या जाहिरातीला घाबरायला लागले.

तर तुमचा तो बूथ. फ्रीजसारखं जाड दार, आतून सगळीकडे गालिचा, एक प्लास्टिकची खुर्ची, छोटी काच. तुम्ही हेडफोन घातलात, हातात वायरचं बटण दिलंत आणि म्हणालात, 'कितीही बारीक आवाज आला तरी बटण दाबा ताई.' आणि दार लावलंत. मला कुणी आधी सांगितलं नव्हतं की तिथं एवढी शांतता असते. बाहेर रिक्षा, पंखे, शेजारणीचा मिक्सर यांच्यात लपलेली माझी शिट्टी तिथं एकटी सापडली मला. तिच्याशिवाय काहीच नाही. तुमच्या मशीनचा आवाज कुठला आणि माझा कुठला हेच कळेना, मी भलतीकडेच बटण दाबत होते आणि मग रडायलाच आलं.

तुम्ही काचेतून बघितलंत. आत येऊन 'काय झालं' विचारलं नाहीत. पाणी आणू का वगैरे काही नाही. थोडं थांबलात, टेस्ट पुन्हा पहिल्यापासून घेतलीत, पूर्ण केलीत. आणि मला वाटलं आता दार उघडणार, तर तुम्ही तुमच्या मोबाईलची वायर त्या मशीनला लावलीत आणि हेडफोनमधून म्हणालात, 'अजून एक राहिलीय. ऐकू आलं की बटण दाबा, ताई.'

आधी काहीच नाही, नुसती शिट्टी. मग शिट्टीच्या मागे काहीतरी आहे असं वाटायला लागलं, नक्की नाही, म्हणजे शेजारच्या बिल्डिंगमध्ये कुणीतरी जागं असावं तसं. मग गिटारची तार कळली. मी बटण दाबलं. तुमच्याकडे तो लाईट लागला असणार, कारण तुम्ही त्या चकतीवरून हात काढून घेतलात. आवाज तिथंच ठेवलात. एक घर पण वर नाही.

दादा, एवढंच. मला ज्याचे आभार मानायचेत ते एवढंच आहे. माझ्या कानाला जितकं हवं तितकंच, आणि किती हवं ते ठरवायचं बटण माझ्या हातात. नऊ वर्षं मी लोकांच्या छातीवर आदळेल असा आवाज काढत होते, तोही आवडतोच मला अजून, पण आपल्याला किती ऐकायचंय असं कुणी विचारू शकतं हेच मला माहीत नव्हतं.

काचेतून दिसत होतं, तुम्ही डबा उघडला होतात. म्हणजे ती तुमची जेवायची सुट्टी होती, हे माझ्या डोक्यात घरी आल्यावर आलं. तुम्ही पोळी खात होतात आणि मी आत बसून निक ड्रेक नावाच्या माणसाचं गाणं ऐकत होते जो मी जन्मायच्या कितीतरी आधी गेला.

बाहेर आल्यावर तुम्ही रिपोर्ट दाखवलात, चार हजार हर्ट्झपाशी खड्डा, आवाजानं कान गेले की तिथंच पडतो म्हणालात. आणि सांगितलंत की गाणं शिट्टीच्या थोडं खालीच ठेवायचं, शिट्टी बुडवायला जायचं नाही. मग रिपोर्ट उलटा करून मागं पेननं सहा नावं लिहिलीत. 'एका आठवड्यात एकच,' म्हणालात. 'आवडलं नाही तर सोडून द्या, मला सांगायची गरज नाही.' त्या दोनशे गाणीवाल्याला हे वाक्य फ्रेम करून द्यायला पाहिजे!

तर आता हिशोब देते.

पहिलं त्याच निक ड्रेकचा 'पिंक मून' अल्बम, १९७२चा. जेमतेम २८ मिनिटं. लंडनच्या स्टुडिओत दोन रात्रींत रेकॉर्ड केलेला, तो, गिटार, आणि एका गाण्यात तेवढा पियानो. बस. तेव्हा कुणी फारसा घेतला नाही म्हणे. १९७४ला तो गेला, २६ वर्षांचा होता. मग १९९९ला एका गाडीच्या जाहिरातीत त्याचं गाणं वाजलं आणि लोकांनी रांगा लावल्या. जन्म रंगूनचा. रंगून म्हटलं की आपल्याला टेलिफोनच आठवतो, आता मला हाही आठवतो. पहिला आठवडा मी रोज रात्री तेवढाच लावला आणि चौथ्या दिवशी शेवटच्या गाण्यापर्यंत जागी राहिले नाही. दोन महिन्यांत पहिल्यांदा. दुसऱ्या दिवशी उठल्यावर आधी मला कळलंच नाही की काय झालंय.

मग ती जर्मन बाई, सिबिल बायर. १९७० ते ७३मध्ये घरीच टेपवर गाणी करून ठेवली आणि ठेवूनच दिली. तीसेक वर्षांनी तिच्या मुलानं घरच्यांना वाटायला त्याची सीडी केली, त्यातली एक एका रॉक बँडवाल्याच्या हातात पडली, त्यानं पुढे एका कंपनीला दिली, आणि २००६ला 'कलर ग्रीन' आला. म्हणजे बघा, हा अल्बम माझ्यापर्यंत हातोहात आलाय. मुलगा, मग तो बँडवाला, कंपनी, मधले कुणीकुणी, मग तुम्ही, तुमचं पेन. आईला ऐकवला तर ती म्हणाली, ही बाई भांडी घासताना गातेय. चेष्टेनं नाही म्हणाली. आमची आजी जात्यावर गायची तेव्हा पोरं उठू नयेत म्हणून असंच दबक्या आवाजात गायची म्हणे.

एड्रिएन लेन्करचा 'साँग्ज' तिसऱ्या आठवड्यात. २०२०ला लॉकडाऊन लागला, तिच्या बँडची टूर मधेच रद्द झाली, मग अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधल्या जंगलात एका खोलीच्या झोपडीत जाऊन तिनं टेपवर केला. त्यात पाऊस ऐकू येतो, खराखुरा. ॲपमधला तो पाऊस आणि हा पाऊस यात काय फरक आहे मला नीट सांगता येणार नाही, पण हिच्या पावसात कुणीतरी माणूस बसलेलं आहे. एक कबूल करते, हा पहिल्यांदा मला झेपला नाही, फार उघडं वाटलं सगळं, आठवडाभर सोडून दिला. तुम्ही परवानगी दिलेली होती ना.

ग्रेगरी ॲलन आयझकोव्ह मात्र लगेच आवडला. कोलोरॅडोत शेती करतो, भाजी पिकवून हॉटेलांना विकतो आणि अधेमधे अल्बम काढतो. 'ॲपलूसा बोन्स' २०२३चा. माझे काका सासवडला अंजीर लावतात, त्यांना सांगितलं की असा एक शेतकरी आहे, तर पहिला प्रश्न, पाणी कुठून घेतो?

आणि पाचवं नाव, ज्याच्यापुढं तुम्ही कंस करून 'नवा आलाय!' लिहिलं होतं. हेली हेन्ड्रिक्स, 'सीड ऑफ अ सीड', १ नोव्हेंबर २०२४. अहो ऐन दिवाळीतच आला होता की तो! मी कान दाबून उशीत तोंड खुपसून पडले होते आणि तिकडे पोर्टलंडची ही मुलगी सहा वर्षांनी दुसरा अल्बम घेऊन येत होती. पहिला २०१८चा, तोही मग मागं जाऊन ऐकला. जुने तर सगळे सापडतात हो, पण नवा आलाय आणि आपण तो ताजा असताना ऐकतोय, याचं वेगळंच असतं काहीतरी, शेजारणीनं वडी गरम असताना वाटीतून पाठवावी तसं.

त्यामुळं आता नाद लागलाय. तुमची यादी संपल्यावर मीच शोधायला लागले. लॉरा मार्लिंगचा 'पॅटर्न्स इन रिपीट' सापडला, तो २०२४च्याच ऑक्टोबरातला. तिला मुलगी झाली होती, घरीच केलाय, ड्रम कुठंच नाहीत आणि सुरुवातीला मागं घरातले बारीकसारीक आवाज येतात, बाळाचाही. हे तुमच्या यादीत नव्हतं म्हणून मुद्दाम सांगतेय. तुम्हाला माहीत असेलच, पण नसलं तर माझ्याकडून एक.

शिट्टी आहे अजून. खोटं कशाला बोलू. पण आता ती खोलीत असते, मी पण असते. ऑफिसात एकदोघं म्हणतात काय गं हे रडकं ऐकतेस, सगळी एकाच सुरात. म्हणू देत. आम्ही ढोल वाजवायचो तेव्हा हीच माणसं खिडक्या लावून घ्यायची.

यंदा गणपतीत मी ढोल घेतला नाही, ध्वज घेतला. पुढं चालायचं, ताशापासून लांब, कानात इअरप्लग. तरी रात्री आल्यावर शिट्टी तापलेली होतीच. मग मी तुमच्यासारखं केलं. लाईट घालवला, हेडफोन घातला, आवाज शून्यावर नेला आणि एकेक घर वर, ऐकू येईपर्यंत. बटण नव्हतं हातात, तर अंगठा नुसता उशीवर दाबला.

मी तेव्हापासून एक बघायला लागलेय, अशी माणसं असतात. आमच्या पीएमटीत एक कंडक्टर आहेत, म्हातारं माणूस चढलं की ते टेकेपर्यंत बेल मारत नाहीत, ड्रायव्हर आरशातून कितीही बघू दे. त्यांनाही कुणी सांगितलेलं नसणार. मी आधीही त्याच बसनं जायचे, दिसलं नव्हतं.

आता मुद्द्याचं. सहावं नाव. त्या दिवशी बाहेर पाऊस होता का माझ्याच डोळ्यांचं पाणी देव जाणे, पण रिपोर्टचा खालचा कोपरा भिजला आणि शाई पसरली. इंग्रजी व्ही तेवढा दिसतोय, पुढचं सगळं निळं. मी आपलं व्हाश्टी बन्यन ही गायिका धरून चाललेय. तिचे दोन अल्बम ऐकले, एक १९७०चा आणि त्याच्यानंतरचा थेट २००५चा, मधे पस्तीस वर्षं काहीच नाही. ती नसेल तर कोण आहे ते सांगा. तीच असेल तरी सांगा.

तुमची,
ढोलवाली ताई