शस्त्रक्रियेआधी आईच्या बांगड्या उतरवणाऱ्या सिस्टरना

आदरणीय सिस्टर,

सप्रेम नमस्कार.

अंडाशयाच्या कर्करोगाची मोठी शस्त्रक्रिया आणि तिच्याच जोडीने पोटात दिलेली गरम केमोथेरपी, म्हणजे हायपेक, सोसून आई आता घरात हिंडूफिरू लागली आहे. सर्जनसाहेबांचे आभार आम्ही समक्ष मानले. तुमची पाळी बदलल्यामुळे तुमची भेट झाली नाही, म्हणून हे पत्र.

पोट फुगते, दोन घास खाल्ले की भरल्यासारखे वाटते, एवढीच तक्रार घेऊन आई कित्येक महिने दवाखान्याचे उंबरठे झिजवत होती आणि दर वेळी ॲसिडिटीच्या गोळ्या व ‘वयोमानाने व्हायचेच’ हे वाक्य घेऊन परतत होती. सोनोग्राफीत पोटात पाणी दिसले, रक्तात सीए-१२५ हे या कर्करोगात वाढणारे प्रथिन वाढलेले आले, तोवर आजार तिसऱ्या टप्प्यात पोहोचला होता. पुढे एका तज्ज्ञांनी तिच्याकडे न पाहताच ‘घरी नेऊन सेवा करा’ असे आम्हाला सुनावले; दुसऱ्यांनी गरम केमोने रोग मुळासकट जातो असे सांगून पॅकेजचा कागद पुढे केला. दोघांपैकी कोणाचा राग अधिक यावा, हे मला अजून ठरवता आलेले नाही.

तुमच्या रुग्णालयात मात्र प्रथमच सरळ बोलणे ऐकायला मिळाले. दिसणारा सगळा रोग काढता आला, तरच तापवलेले सिस्प्लॅटिन हे केमोचे औषध दीड तास पोटात फिरवण्याला खरा अर्थ आहे. त्याचा मूत्रपिंडांवर ताण येऊ शकतो. आणि २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या नेदरलँड्समधील २४५ स्त्रियांच्या अभ्यासात या उपचाराने मध्यक आयुर्मान (निम्म्या स्त्रिया निदान जेवढ्या जगल्या तो काळ) सुमारे ३४ महिन्यांवरून ४६ महिन्यांपर्यंत गेले, म्हणजे आयुष्य वाढले, हमी मिळाली नाही, हे सारे डॉक्टरांनी आईलाच समोर बसवून सांगितले.

पण आईच्या बोलण्यात पुन्हा पुन्हा येता ते तुम्ही. ऑपरेशनच्या सकाळी सुजलेल्या हातांतून हिरव्या बांगड्या निघेनात, तेव्हा वॉर्डबॉय ‘फोडून टाकू’ म्हणत पुढे सरसावला. वडील दाराशीच उभे होते. आईने काही म्हटले नाही, फक्त हात पदराखाली घेतला. तुम्ही त्याला थांबवलेत, तिच्या मनगटाला जेली लावलीत आणि अंगठा आत दाबून एकेक बांगडी सोडवत राहिलात. ‘मावशी, एकही वाढवायची नाही, मला घाई नाही,’ असे म्हणालात. खरे तर आतून तुम्हाला दोनदा हाक आली होती. मग त्या रुमालात बांधून तुम्ही वडिलांच्या हाती दिल्यात. इतक्या तासांच्या शस्त्रक्रियेला आई निर्धास्तपणे गेली, याचे कारण ती आजही तेच सांगते.

माणुसकीला वेगळे शिक्षण लागत नाही असे म्हणतात. मला ते पटत नाही. समोरच्याला नेमके काय लागेल हे ओळखायला लक्ष द्यावे लागते, आणि तेवढे लक्ष मोठमोठ्या पदव्या लावलेल्या केबिनमध्ये आम्हाला मिळाले नव्हते.

या पत्राची एक प्रत मेट्रनबाईंकडे देत आहे. तक्रारी फायलीला लागतात, तसे हेही लागावे. आईची पुढची तपासणी लवकरच आहे. त्या दिवशी तुमची पाळी कोणती असेल ते वॉर्डात कळवून ठेवावे, तिला तुम्हाला भेटायचे आहे.

आपली कृतज्ञ,
रुग्णाची मुलगी