बोलायला समोर थांबणारा माणूसही लागतो : दिव्यांग कल्याण मंत्र्यांना सोलापुरातून खुले पत्र

प्रति,
माननीय मंत्री महोदय,
दिव्यांग कल्याण विभाग, महाराष्ट्र शासन, मंत्रालय, मुंबई

विषय : संवादफलक किंवा बोलणारे यंत्र वापरणाऱ्या व्यक्तींशी कसे बोलावे, याचे प्रशिक्षण शासकीय कर्मचाऱ्यांना देण्याबाबत

महोदय,

मी सोलापूरच्या पूर्वभागात राहते. माझा धाकटा भाऊ ३१ वर्षांचा आहे आणि त्याला जन्मापासून सेरेब्रल पाल्सी आहे. त्याला नीट ऐकू येते आणि सगळे समजते. मात्र तोंडाच्या आणि हातांच्या स्नायूंवर ताबा नसल्याने त्याला शब्द उच्चारता येत नाहीत व बोटाने नेमके दाखवताही येत नाही. तो एका पुठ्ठ्याच्या, म्हणजेच संवादफलकाच्या, आधाराने बोलतो. त्यावर ओळीओळीने मुळाक्षरे, रोजचे शब्द आणि घरातल्यांची नावे लिहिली आहेत. समोरच्याने एकेका ओळीवर बोट ठेवत जायचे, हवी ती ओळ आली की तो डोळे वर करतो, मग त्या ओळीतल्या एकेका अक्षरावर बोट न्यायचे आणि पुन्हा त्याच्या डोळ्यांकडे पाहायचे. नको असेल तेव्हा तो डोळे घट्ट मिटतो. एक शब्द पुरा व्हायला कधी मिनिट, कधी दोन मिनिटे जातात. या पुठ्ठ्याला वीज लागत नाही, पण समोर बोट फिरवणारा माणूस नसेल तर माझ्या भावाला बोलताच येत नाही.

गेल्या वर्षी एका कागदपत्राच्या नूतनीकरणासाठी मी त्याला एका कार्यालयात घेऊन गेले होते. टेबलामागच्या कर्मचाऱ्याने त्याचे नाव, वय, त्याला होणारा त्रास आणि त्याला काही समजते का, हे सगळे प्रश्न मला विचारले. भाऊ पुढ्यातच चाकाच्या खुर्चीत बसला होता. "तो स्वतः सांगेल, दोन मिनिटे द्या," असे म्हणून मी पुठ्ठा काढला, तेव्हा मागे रांग असल्याचे कारण सांगून त्यांनी अर्जावर माझ्याकडूनच उत्तरे भरून घेतली. त्याच कार्यालयात दुसऱ्या खिडकीवर एक तरुण कर्मचारी होता. त्याने आधी भावालाच विचारले, "तुम्ही हो कसे म्हणता?" भावाने डोळे वर केले. मग त्या तरुणाने पुठ्ठा स्वतःच्या हातात घेतला, दोनदा चुकला, दोन्ही वेळा "चुकलो, पुन्हा सांगा" म्हणाला आणि भावाचे संपूर्ण नाव त्याच्याकडूनच लिहून घेतले. सगळे मिळून सहा-सात मिनिटे लागली. त्याला कोणी हे शिकवले नव्हते. आम्हाला अशी वागणूक एखाद्याच्या स्वभावावर अवलंबून राहायला नको आहे, एवढेच माझे म्हणणे आहे.

कायद्याने हे आधीच सांगितले आहे. दिव्यांग व्यक्तींचे हक्क अधिनियम, २०१६ यात संवादाची जी व्याख्या आहे, तिच्यात ब्रेल आणि सांकेतिक भाषेबरोबरच वाचेला पूरक व पर्यायी अशा संवादपद्धतींचाही समावेश आहे. शिक्षणाविषयीच्या कलम १७ मध्ये अशा पद्धतींच्या वापराला उत्तेजन देण्यास सांगितले आहे. तर कलम ४७ मध्ये पंचायत राज सदस्य, प्रशासक, पोलीस अधिकारी, न्यायाधीश आणि वकील यांच्या प्रशिक्षणक्रमांत दिव्यांगांच्या हक्कांचा विषय सक्तीचा करण्याची तरतूद आहे. महाराष्ट्राने दिव्यांगांसाठी स्वतंत्र विभाग उभा केला, याचा आम्हाला अभिमान वाटतो. परंतु प्रत्यक्षात आम्हाला दिसतो तो खर्च बहुधा वस्तूंवरचाच असतो. खुर्ची, श्रवणयंत्र, क्वचित निवडलेले शब्द मोठ्याने बोलून दाखवणारा टॅबलेट मिळतो आणि वाटपाचा फोटो निघाला की काम संपते. टॅबलेट बोलतो हे खरे, पण त्याच्यासमोर ऐकायला थांबणारे कोणी नसेल तर महिन्याभरात तो कपाटात जातो. असे टॅबलेट मी दोन घरांत पाहिले आहेत.

थांबणे म्हणजे काय, हे मलाही फार उशिरा कळले. एका जानेवारीत भावाने पुठ्ठ्यावर 'ग' निवडला आणि मी लगेच म्हणाले, "गरम होतंय?" त्याने डोळे मिटले. मी म्हणाले, "गोळी हवी?" त्याने पुन्हा डोळे मिटले. मी पंखा लावला, पाणी आणले, उशी बदलली. तो घामाघूम झाला, रडू लागला आणि शेवटी मी गप्प बसून पुढची अक्षरे घेतली, तेव्हा शब्द झाला 'गड्डा'. गड्डा म्हणजे सिद्धेश्वरांची जानेवारीतली यात्रा. ती आमच्या घरापासून हाकेच्या अंतरावर भरते, नंदीध्वजांची मिरवणूक सगळे सोलापूर पाहते, आणि गर्दीचा त्याला त्रास होईल असे आम्हीच ठरवून टाकल्यामुळे 'तुला यायचे आहे का' हे त्याला इतक्या वर्षांत कोणी विचारलेच नव्हते. प्रेमापोटीसुद्धा आपण दुसऱ्याचे बोलणे किती सहज हिरावून घेतो, हे त्या संध्याकाळी मला समजले.

म्हणून प्रशिक्षणात पहिली गोष्ट शिकवावी ती वेळ देण्याची. आपण सहज बोलताना मिनिटाला शंभराहून अधिक शब्द बोलतो. यंत्र किंवा फलक वापरणारी व्यक्ती बहुधा दहा-पंधरा शब्दांच्याही आतच असते. त्या व्यक्तीने सांगितल्याशिवाय तिचे वाक्य आपण पुरे करू नये. समजले नसेल तर समजल्यासारखी मान डोलावू नये, कारण समोरच्याला ते तत्काळ कळते आणि पुढे तो बोलणेच सोडून देतो. प्रश्न सोबत्याला न विचारता त्या व्यक्तीलाच, शक्यतो तिच्या डोळ्यांच्या उंचीवर बसून विचारावा. फलक किंवा टॅबलेट हा तिचा आवाज आहे. तो न विचारता उचलू नये, आणि 'फार त्रास देतो' म्हणून शिक्षेदाखल तर कधीच काढून घेऊ नये. लहान मुलांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट महत्त्वाची आहे : मोठ्यांनी स्वतः बोलताना त्याच फलकावर बोट ठेवून दाखवावे. आपण रात्रंदिवस बोलतो म्हणून तान्हे मूल बोलणे शिकते. फलकावर कोणी बोललेलेच ज्याने पाहिले नाही, ते मूल फलकावर कसे बोलेल? चित्रांचा फलक दिला तर मूल तोंडाने बोलायचे थांबेल, ही भीती अनेक पालकांना असते आणि कधीकधी शिक्षकही ती बोलून दाखवतात. संशोधनातून तसे दिसलेले नाही. उलट काही मुलांचे बोलणे थोडे वाढल्याचे आढळले आहे.

सोलापूरपुरती एक विशेष विनंती आहे. आमच्या घरात तेलुगू, गल्लीत मराठी, शेजारी कन्नड आणि बाजारात दखनी बोलली जाते. आई विड्या वळता वळता भावाशी तेलुगूतच बोलायची. त्याला मिळालेल्या पहिल्या फलकावर माझ्या चित्राखाली 'ताई' लिहिले होते आणि त्या चौकोनाकडे त्याने कधी पाहिले नाही. मी तिथे 'अक्का' लिहिले, त्या दिवसापासून तो मला हाक मारतो. त्यामुळे जिल्ह्यात जे फलक तयार होतील, ते त्या त्या घरच्या भाषेचे असावेत, आणि त्यांवर कडक भाकरी व शेंगाची चटणीही असावी.

स्थानिक स्वराज्य संस्थांनी दिव्यांगांसाठी राखून ठेवायच्या पाच टक्के निधीतून हे काम सुरू होऊ शकते. एक दिवसाचे प्रशिक्षण अंगणवाडी सेविका, आशा कार्यकर्त्या, ग्रामसेवक, पोलीस ठाण्यातील कर्मचारी आणि रुग्णालयातील नोंदणी खिडकीवरचे कर्मचारी यांना द्यावे. ते केवळ तज्ज्ञांनी नव्हे, तर फलकावर बोलणाऱ्या व्यक्तींनी द्यावे आणि त्याचे मानधन त्यांना मिळावे. पक्षाघाताने वाचा गेलेले, तंबाखूच्या कर्करोगात स्वरयंत्र काढावे लागलेले रुग्ण अचानक या वाटेवर येतात. त्यांच्यासाठी प्रत्येक शासकीय रुग्णालयाच्या वॉर्डात खाटेजवळ टांगता येईल असा साधा छापील फलक ठेवण्यास फार खर्च येणार नाही. दिव्यांगांना मिळणाऱ्या वैश्विक ओळखपत्रासोबत 'मी हो कसे म्हणतो, नाही कसे म्हणतो, मला किती वेळ लागतो' एवढे लिहिलेला एक कागद जोडण्याची सोय झाली, तर प्रत्येक खिडकीवर आम्हाला पहिल्यापासून सांगावे लागणार नाही.

हे पत्र मी भावाला दोनदा वाचून दाखवले. त्याने एक दुरुस्ती सुचवली आणि तिला आमची सगळी दुपार गेली. शासन जे फलक छापेल, त्यांच्या अगदी पहिल्या ओळीत, मुळाक्षरांच्याही आधी, 'थांबा, माझे बोलणे अजून संपलेले नाही' असा एक चौकोन असावा, ही त्याची मागणी आहे.

आपली नम्र,
पूर्वभाग, सोलापूर येथील एक बहीण