खेळाचा तास गणिताला का?

संपादक महोदय,

सहामाही जवळ आली की आमच्या मुलीच्या शाळेत सातवीचा खेळाचा तास गणिताकडे जातो. पालकसभेत हे जाहीर झालं तेव्हा निम्म्या पालकांनी टाळ्या वाजवल्या. मला राग शाळेपेक्षा त्या टाळ्यांचा आला. 5 ते 17 वर्षांच्या मुलांनी रोज सरासरी 60 मिनिटं चांगला दम लागेल अशी हालचाल करावी, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. शाळा, क्लास, गृहपाठ यांतून ती कुठून काढायची? संध्याकाळी जवळच्या मैदानावर लग्नाचा मांडव असतो, ते वेगळंच.

झोपेचीही तीच गत. चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी 9 च्या आधी भरवू नयेत, असं सरकारने 2024 मध्ये ठरवलं. पण वयात येताना झोप मुळातच उशिरा लागते आणि नेमकी त्याच मुलांची व्हॅन सव्वासहाला दारात! मग चिडचिड, पोटदुखी. त्याला आपण ‘नाटकं’ म्हणतो. ‘टेलि-मानस’ या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा मोफत क्रमांक शाळेच्या डायरीत पहिल्याच पानावर छापावा. आणि पुढच्या पालकसभेत खेळाचा तास परत मागताना माझ्यासोबत चार जणांनी तरी उभं राहावं.

— एक आई, मिरज