गाणाऱ्यांना जागा हवी, पण बसलेल्यांना उठवून नको : क्रीडामंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
माननीय क्रीडामंत्री

विषय : फुटबॉल मैदानांत गाणाऱ्या प्रेक्षकांसाठी स्वतंत्र विभाग राखण्याबाबत

सविनय नमस्कार.

गेली 21 वर्षे मी गोलपोस्टमागच्या एकाच स्टँडमधून आमच्या संघाचे सामने पाहत आलो आहे आणि त्यातला बराचसा वेळ मी गाण्यात घालवला आहे. गेल्या हंगामाच्या अखेरीस आमच्या क्लबने याच स्टँडचा मधला भाग गाणाऱ्या प्रेक्षकांसाठी, म्हणजे ज्याला सगळीकडे ‘सिंगिंग सेक्शन’ म्हणतात त्यासाठी, राखून ठेवण्याचे जाहीर केले, आणि इतकी वर्षे एकाच संघासाठी घसा फोडणाऱ्या माणसांत उभी फूट पडली. काहींनी सीझन तिकीट, म्हणजे पूर्ण हंगामाचे तिकीट, परत केले, काहींनी एकमेकांशी बोलणे टाकले. क्लबचे नाव मी मुद्दाम घेत नाही, कारण हे दुखणे एका क्लबचे नाही. कोणत्या स्टँडमध्ये किती माणसांनी उभे राहायचे, कठडे कुठे हवेत, बाहेर पडायच्या वाटा किती रुंद हव्यात, हे मैदानाच्या सुरक्षा-परवान्यात ठरते आणि तो परवाना आपल्या खात्याच्या नियमांवर चालतो. म्हणून क्लबच्या अध्यक्षांऐवजी हे पत्र आपल्याला लिहीत आहे.

माझी बाजू आधीच सांगून टाकतो. असा विभाग व्हायला हवा, याच मताचा मी आहे. ज्याला गायचे आहे त्याने आपल्या खुर्चीवरून गावे, त्यासाठी वेगळी जागा कशाला, असे म्हणणाऱ्यांनी विखुरलेल्या गाण्याची गत एकदा जवळून पाहावी. मागच्या रांगेतले चौघे सुरुवात करतात. पहिली ओळ धिटाईने निघते. पुढची दोन-तीन डोकी वळून पाहतात, दुसऱ्या ओळीला चौघांपैकी दोघांचा आवाज उतरलेला असतो आणि तिसरी ओळ कोणी म्हणतच नाही. यात संकोचाचा भाग आहेच, पण आवाजाच्या वेगाचाही आहे. आवाज सेकंदाला सुमारे 340 मीटर जातो. मैदानच साधारण 105 मीटर लांब असते आणि दोन्ही टोकांचे स्टँड धरले तर समोरासमोरच्या प्रेक्षकांत 150 मीटरहून अधिक अंतर सहज पडते. म्हणजे या टोकाची टाळी त्या टोकाला पोहोचायला अर्ध्या सेकंदाच्या आसपास वेळ लागतो, आणि मिनिटाला 120 टाळ्यांचा ठेका असेल तर तेवढ्यात जवळजवळ एक अख्खी टाळी मागे पडते. मैदानभर पसरलेली माणसे एकाच वेळी गात असली तरी एकत्र गात नसतात. गाणे टिकायचे तर गाणारे खांद्याला खांदा लावून, शक्यतो खाली उतरत्या छपराखाली आणि ढोल वाजवणाऱ्याच्या नजरेच्या टप्प्यात असावे लागतात.

हा आवाज केवळ हौसेचा नाही, हे 2020 साली सगळ्यांनीच अनुभवले. त्या वर्षीच्या मे महिन्यात जर्मनीतली लीग रिकाम्या मैदानांत पुन्हा सुरू झाली, पाठोपाठ इतर देशांतल्याही झाल्या, आणि दूरचित्रवाणीवर खेळाडूंच्या हाका आणि चेंडूला बसलेल्या लाथेचा ठोका ऐकू येऊ लागला. त्या काळातल्या सामन्यांचा पुढे बारकाईने अभ्यास झाला, तेव्हा यजमान संघाला घरच्या मैदानाचा मिळणारा फायदा घटल्याचे आणि पाहुण्या संघाला पंचांकडून एरवीपेक्षा कमी पिवळी कार्डे मिळाल्याचे दिसून आले. प्रेक्षकाचा गळा हा खेळाचाच भाग आहे, असे मला वाटते ते यामुळे.

इतके असूनही आमच्या क्लबच्या निर्णयाला माझा विरोध आहे, आणि त्याचे कारण माझ्या शेजारच्या खुर्चीत बसते. हे गृहस्थ सत्तरी ओलांडलेले आहेत. दोन्ही गुडघ्यांची शस्त्रक्रिया झाल्यापासून त्यांना पाच-दहा मिनिटांहून अधिक वेळ उभे राहवत नाही. सामन्याच्या अर्धा तास आधी ते येतात, खुर्ची रुमालाने पुसतात, चष्म्याच्या काचा पुसतात आणि मगच बसतात. आम्ही गाऊ लागलो की त्यांच्या तोंडून शब्द निघत नाही, पण उजव्या हाताची चार बोटे गुडघ्यावर ठेका धरतात, आणि त्या ठेक्याची एक मात्रा कधी चुकलेली मी पाहिली नाही. कॉर्नर मिळाला की ठेका थांबतो आणि ते पुढे झुकतात. या माणसाला ‘न गाणारा प्रेक्षक’ या खात्यात टाकायचे की काय, हे मला अजून उमगलेले नाही. क्लबला मात्र ते दोन परिच्छेदांच्या पत्रात उमगले. आपली रांग नव्या विभागात येत आहे, यापुढे तिथे पूर्ण वेळ उभे राहून संघाला साथ देणे अपेक्षित आहे, ते शक्य नसल्यास अमुक तारखेपर्यंत दुसऱ्या स्टँडमधली उपलब्ध जागा निवडावी, असे त्या पत्रात लिहिले होते. उपलब्ध म्हणजे कोपऱ्यातली, वरच्या मजल्यावरची, 60-70 पायऱ्या चढून जाण्याची. ज्याच्या गुडघ्यांमुळे जागा सोडायची वेळ आली, त्याच्याच पुढ्यात या पायऱ्या ठेवल्या गेल्या.

मैदानातली जागा म्हणजे नुसता आसन-क्रमांक नव्हे, हे क्लबच्या कार्यालयात बसणाऱ्यांना सांगून पटत नाही. एकाच खुर्चीवर 20-25 हंगाम काढले की डावीकडचा, उजवीकडचा, पुढच्या रांगेतला आणि मागच्या रांगेतला मिळून एक गोतावळा तयार होतो. यातल्या कोणाचे आडनाव मला ठाऊक नाही, पण कोण कधी आजारी होते, कोणाच्या मुलीची परीक्षा आहे, कोणाची नोकरी गेली, हे ठाऊक आहे. हा गोतावळा एकदा मोडला की चार स्टँडमध्ये चार जागा देऊन तो पुन्हा जमत नाही.

गाणाऱ्या गटातल्या माझ्या तरुण मित्रांना हे बोलणे आवडत नाही. त्यांच्या बाजूनेही मी भांडलो आहे आणि त्यांचे म्हणणे मला खोटे वाटत नाही. वर्षानुवर्षे त्यांना ‘खाली बसा’ म्हणून दटावले गेले; एक-दोघांना तर उभे राहिल्याबद्दल सुरक्षारक्षकांनी बाहेर काढले. आता कुठे क्लब त्यांच्यासाठी काही करतो आहे आणि नेमके तेव्हाच जुनी मंडळी आड येतात, अशी त्यांची भावना आहे. पण एक तिसरा सूरही स्टँडमध्ये ऐकू येतो आणि तो मला अधिक अस्वस्थ करतो. गाण्यासाठी विभाग नेमून दिला की बाकीचे मैदान आपोआप गप्प बसेल, गाणे हे त्या हजार-दीड हजार लोकांचे काम होईल आणि इतर जण ते पाहायला येतील, असे तो सांगतो. ही भीती निराधार नाही. ढोल 90 मिनिटे एकाच लयीत वाजत राहिला आणि मैदानावर काय घडते आहे याच्याशी गाण्याचा संबंध तुटला, तर शेजारचा स्टँड साथ देणे सोडतो; हे मी पाहिले आहे. त्यावरचा उपाय विभाग न करणे हा नव्हे. विभाग स्टँडच्या मधोमध आणि दोन्ही बाजूंना उघडा ठेवला, तर गाणे कडेच्या रांगांतून बाहेर झिरपते. कोपऱ्यात कोंडला तर तिथेच राहते.

आता मुख्य प्रश्नाकडे येतो, तो उभे राहण्याचा. बसून मोठ्याने गाता येत नाही, छाती भरत नाही. म्हणून गाणारा विभाग म्हणजे व्यवहारात उभ्या प्रेक्षकांचा विभाग. आणि उभे राहणे म्हटले की प्रत्येक सुरक्षा-अधिकाऱ्याला हिल्सबरो आठवते, आठवायलाच हवे. 15 एप्रिल 1989 रोजी शेफील्डच्या त्या मैदानात जाळीबंद कप्प्यांत झालेल्या चेंगराचेंगरीने 97 माणसांचा जीव घेतला. लॉर्ड टेलर यांच्या चौकशी-अहवालानंतर इंग्लंडच्या वरच्या दोन श्रेणींतल्या क्लबांना 1994 पर्यंत सगळी मैदाने खुर्च्यांची करायला सांगण्यात आले. पण त्याच टेलर यांनी आपल्या अहवालात हेही नोंदवले होते की उभे राहून सामना पाहणे मुळातच असुरक्षित असते असे नाही. आणि 2016 साली त्या मृत्यूंच्या न्यायालयीन चौकशीतल्या ज्यूरीने निष्कर्ष दिला की त्या दुर्घटनेचा दोष प्रेक्षकांच्या वागण्यावर येत नाही. गर्दी हाताळण्यातल्या पोलिसांच्या गंभीर चुका मात्र त्यांनी दाखवून दिल्या. धडा घ्यायचा तो कप्प्यांचा, दारांचा आणि गर्दीच्या मोजणीचा आहे.

उभ्या विभागांचे तंत्रही आता पुढे गेले आहे. प्रत्येक रांगेत कंबरेच्या उंचीचा पोलादी कठडा आणि त्याला जोडलेली, उभी करून कुलूपबंद करता येणारी खुर्ची, अशी ही रचना असते. एका खुर्चीमागे एकच माणूस, त्यामुळे गर्दी वाढत नाही; आणि गोल झाला की मागची लाट पुढच्यांच्या पाठीवर येण्याऐवजी कठड्यावर अडते. ग्लासगोमध्ये सेल्टिक क्लबने महापालिकेकडून 2015 मध्ये परवाना मिळवून पुढच्या वर्षी असा विभाग सुरू केला. इंग्लंड आणि वेल्समध्ये 1 जानेवारी 2022 पासून पाच क्लबांनी सरकारी देखरेखीखाली हा प्रयोग केला आणि त्याच वर्षीच्या नव्या हंगामापासून अटी पूर्ण करणाऱ्या इतर क्लबांनाही तो खुला झाला. युएफा या युरोपीय फुटबॉल महासंघानेही 2022 पासून इंग्लंड, फ्रान्स आणि जर्मनीत आपल्या स्पर्धांसाठी प्रायोगिक परवानगी दिली. जर्मनीतल्या डॉर्टमुंड क्लबच्या दक्षिण स्टँडमध्ये तर घरच्या लीगच्या सामन्यांना सुमारे 25 हजार माणसे उभी असतात. पण तिथला आवाज पिढ्यान्पिढ्या त्याच जागी उभे राहून घडला आहे, कोणा व्यवस्थापकाने नकाशावर चौकोन आखून नव्हे, हे आमचे क्लब ते छायाचित्र भिंतीवर लावताना विसरतात.

जागेबाबत मला अधिक जवळचे उदाहरण मँचेस्टर युनायटेडचे वाटते. 2013 मध्ये त्यांनी युरोपातल्या एका सामन्यासाठी गाणारा विभाग करून पाहिला, तेव्हा एरवी पाहुण्या प्रेक्षकांना दिला जाणारा कोपरा त्यासाठी वापरला. कोणाची कायमची खुर्ची गेली नाही. कोपऱ्याबद्दलची माझी तक्रार वर आलीच आहे. तरी सुरुवात करण्याची ही रीत सरळ आहे, आणि आमच्या क्लबकडेही तसाच एक कोपरा आहे.

म्हणून आपल्याला माझी विनंती अशी आहे की कठड्याच्या खुर्च्यांना आणि त्यामागे उभे राहण्याला नियमांत स्पष्ट परवानगी द्यावी, आणि ती देताना अशी अट घालावी की एखाद्या रांगेचा वापर बदलण्यापूर्वी तिथल्या प्रत्येक सीझन तिकीटधारकाची लेखी संमती क्लबने घेतली पाहिजे. जो नाही म्हणेल त्याची खुर्ची, तो तिकीट नवे करत राहील तोपर्यंत, त्याचीच राहावी. विभाग रिकाम्या होणाऱ्या जागांनी आणि परस्पर अदलाबदलीने भरत जावा. त्याला तीन हंगाम लागले तर लागू द्यावेत. जो स्वखुशीने हलेल त्याला त्याच किमतीत, तितक्याच पायऱ्यांवर आणि हवे असल्यास शेजाऱ्यांसह जागा मिळावी. व्हीलचेअरवरून सामना पाहणाऱ्यांच्या समोरच्या रांगा उभ्या विभागात कधीच येऊ नयेत. पुढचा माणूस उभा राहिला की त्यांना फक्त पाठी दिसतात, आणि आमच्या क्लबच्या आराखड्यात हा विचार झालेला मला कुठेही आढळला नाही. ज्या लहान मुलांना खुर्चीवर चढल्याशिवाय मैदान दिसत नाही, त्यांच्या पालकांनाही आगाऊ कल्पना दिली जावी.

आणखी एक गोष्ट शिक्षेबाबत. विभाग वेगळा झाला की तो बंद करणेही सोपे होते. बार्सिलोनाने 2024 च्या अखेरीस आपला असाच विभाग बंद केला, कारण घोषणांवरून क्लबला झालेला दंड भरायला तिथले गट तयार झाले नाहीत. द्वेषाची घोषणा देणाऱ्याची गय करावी असे मी मुळीच म्हणत नाही. त्याला ओळखावे, त्याचे तिकीट काढून घ्यावे. क्रमांकित खुर्ची आणि कॅमेरे असताना ते शक्य आहे. पण दहा जणांसाठी हजारांना बाहेर ठेवण्याची मुभा परवान्याच्या अटींत असू नये.

आमच्या क्लबने तिकिटांच्या नूतनीकरणासाठी पुढच्या महिन्याची मुदत दिली आहे. त्याआधी आपल्या खात्याचे परिपत्रक निघावे, अशी कळकळीची विनंती आहे. माझ्या शेजाऱ्यांनी क्लबच्या पत्राला अजून उत्तर दिलेले नाही. शेवटच्या सामन्याला ते पत्र घडी घालून त्यांच्या कोटाच्या आतल्या खिशात होते. मध्यंतरात त्यांनी ते काढले, मला दाखवले आणि पुन्हा तसेच ठेवून दिले.

आपला विश्वासू,
गोलपोस्टमागच्या स्टँडमधील एक सीझन तिकीटधारक