वहीतलं नाव

वडगाव, बेळगाव
रविवार, 8 जून 2025

प्रिय शालू,

थोड्या पैशांत घरचं सामान कसं भरतेस हे विचारणारं तुझं पत्र बुधवारी मिळालं. दोनदा वाचलं आणि देव्हाऱ्यापाशी ठेवलंय. उत्तराला चार दिवस लागले, कारण मिरग तोंडावर होता आणि सांडगे, पापड, मिरच्या डब्यात भरून झाकणं घट्ट करायची घाई होती. आज सकाळपासून पाऊस लागलाय. सासूबाई झोपल्यात, मागाचा आवाज बंद आहे, म्हणून निवांत लिहायला बसले.

इचलकरंजीत भाऊजींचा माग आठवड्यातून तीनच दिवस चालतो, हे वाचून पोटात कालवलं. पण त्याहून जास्त लागलं ते तुझं दुसरं वाक्य. दुकानदाराची बाकी वाढल्यामुळं तू त्याच्या दारावरून जात नाहीस, मागच्या गल्लीनं फिरून जातेस. शालू, मी पण अशीच फिरून गेलेय. दीड वर्ष. तुला कधी कळवलं नव्हतं, आज कळवते. म्हणजे तुला विचारायला लाज वाटणार नाही.

आमचं कसं आहे ते तुला ठाऊकच आहे. मालकाकडून बीम, म्हणजे मागावर चढवायचा सुताचा ताणा, आला तर काम, साडी उतरली तर मजुरी. बीम संपला की पुढचा कधी येईल ते मालकाला पण सांगता येत नाही. दोन वर्षांमागं असेच हात रिकामे होते, तेव्हा गल्लीच्या तोंडावरच्या दुकानात आमचं खातं सुरू झालं. आधी साखर-चहापूड, मग तेल, मग सगळंच. पोराच्या हातात चिठ्ठी द्यायची, तो पिशवी घेऊन यायचा. सोपं वाटायचं गं. आकडा मी विचारत नव्हते आणि तो सांगत नव्हता.

एकदा मी स्वतः गेले. माझ्या आधी एक बाई उभी होती, तिनं तूरडाळीचा भाव विचारला. दुकानदारानं सांगितला, तिला जास्त वाटला, तिनं दोन रुपये कमी करून घेतले आणि रोख देऊन गेली. मग माझी डाळ मापली आणि वहीत लिहिली. मी उलट्या बाजूनं आकडा वाचला. किलोमागं सहा रुपये जास्त. आणि माझ्या तोंडातून शब्द फुटला नाही. ज्याच्या वहीत आपलं नाव, त्याला भाव विचारता येत नाही. त्या दिवशी मला हे कळलं, आणि तुला सगळ्यात आधी सांगायचंय ते हेच. उधारीत डाळ महाग पडते ते आहेच, पण भाव विचारायचं, माल परत करायचं, दुसऱ्या दुकानी जायचं, हे सगळं आपण गहाण टाकतो.

दुसऱ्या दिवशी जाऊन बाकी विचारली. 11,400. रात्री ह्यांना सांगितलं. ते काही बोलले नाहीत, नुसते बघत बसले. मग ठरवलं की आमच्या कर्नाटक सरकारच्या गृहलक्ष्मी योजनेचे 2,000 माझ्या खात्यात आले की घरात आणायचेच नाहीत, बँकेतून सरळ दुकानात. ते पैसे कधी येतील तेव्हा येतील, त्यांच्या भरवशावर महिना मांडायचा नाही हेही तेव्हाच शिकले. पाच हप्ते गेले, शेवटचे 1,400 मागासाठी सुताच्या कांड्या भरून मिळालेल्या पैशांतून दिले. आणि त्या मधल्या काळात एक पैसा नवी उधारी नाही. पावशेर तेल, पावशेर साखर, असं रोख आणायचं. पावशेर घेतलं की भाव जास्त पडतो, तरी घेतलं. फार जड गेलं. सणाला पोळ्या केल्या नाहीत, सासूबाईंनी पण हूं की चूं केलं नाही.

शेवटच्या दिवशी दुकानदारानं पानावर तिरकी रेघ मारली, खाली तारीख घातली आणि पोराच्या हातावर गुळाचा खडा ठेवला. माणूस वाईट नाही, शालू. त्याला पण मागं पेठेत बाकी द्यायची असते. तू पण आधी जाऊन आकडा विचार. फिरून जाऊ नकोस. महिन्याला 500 जरी दिलेस आणि त्यापुढं नवीन लिहायला लावलं नाहीस, तरी त्याच्या बोलण्यातला फरक तुला दुसऱ्या महिन्यातच दिसेल.

आता खरेदीचं विचारलंस ते. रेशनपासून सुरू करते. तुमच्याकडं माणशी 5 किलो मिळतं, आमच्याकडं राज्याचं धरून 10. मधे तांदूळ मिळेना म्हणून 2023 च्या जुलैपासून वरच्या 5 किलोचे माणशी 170 रुपये खात्यावर टाकत होते, या फेब्रुवारीपासून परत तांदूळच. आम्ही चौघं, म्हणजे 40 किलो. दर महिन्याला काटा घेऊन फिरणारी माणसं गल्लीत येतात आणि हा तांदूळ मिळेल त्या भावानं उचलतात. बेकायदा आहे, तरी बऱ्याच जणी देतात, कारण हातात लगेच नोटा पडतात. मी एक दाणा देत नाही. हाच तांदूळ पिठाच्या रूपानं आणायला गेलं तर किती पडतो ते गिरणीत विचारून बघ.

रोजच्या भाताला तो जरा मोकळा-कोरडा होतो हे खरं. पण निम्मा मी भातासाठी ठेवतच नाही. दहा किलो सुपात घेऊन पाखडते, धुते, सावलीत पसरते आणि दळून आणते. उकड काढून तांदळाची भाकरी केली की जोंधळ्याची पोती निम्म्यावर येतात. आंबोळीला चार वाट्या तांदूळ, एक वाटी उडीदडाळ, चमचाभर मेथ्या, रात्री वाटून ठेवलं की सकाळी शाळेचा डबा झाला. पोराला पावाची आठवण पण येत नाही. पापड पण त्याच पिठाचे. सासूबाई आणि शेजारच्या दोघी, तिघींनी मे महिन्यात चार दिवस गच्चीवर घालवले.

बाकीचं सामान मी आता गल्लीत घेत नाही. महिन्यातून एकदा रविवार पेठ. सरकारी बसमध्ये बायकांना शून्य तिकीट असल्यापासून जाण्यायेण्याचा खर्च नाही, नाहीतर पेठेत वाचलेले पैसे रिक्षातच जायचे. आम्ही तिघी शेजारणी मिळून जातो. गुळाची 10 किलोची अख्खी ढेप, जोंधळ्याचं एक पोतं, शेंगदाणे. घरी आणून ओट्यावर जुनं धोतर अंथरायचं आणि ढेपेवर कोयत्याची पाठ मारायची. पहिला घाव बसला की वास अख्ख्या गल्लीत. पोरं भोवती बसतात, उडालेला चुरा त्यांचा. मग तराजू धरायचा सासूबाईंनी, कारण त्यांच्या मापावर कुणाचाच संशय नाही. तिघींचे तीन वाटे होतात आणि उरलेला खडा तिथंच चहात जातो.

एक गोष्ट पेठेतल्या हमालाकडून कळली. 18 जुलै 2022 पासून 25 किलोपर्यंतच्या पाकीटबंद, लेबल लावलेल्या तांदूळ-डाळ-पिठावर 5 टक्के जीएसटी लागतो. सुट्ट्या मालावर नाही, आणि 25 किलोच्या वरच्या पोत्यावर पण नाही. म्हणून हल्ली 26 किलोची पोती दिसतात. मी आजवर समजत होते की एक किलो भेट आहे! तेव्हापासून डाळ सुट्टीच घेते, हातात घेऊन, फुंकर मारून, किडीचं भोक बघून.

तेलाच्या पिशवीचं मात्र नीट ऐक. परवा दोन पिशव्या शेजारी ठेवल्या होत्या, एक 145 ची, एक 132 ची. लांबून सारख्याच. उलटी करून बारीक अक्षरं वाचली तर पहिलीत 910 ग्रॅम, म्हणजे पुरा लिटर, आणि दुसरीत 800 ग्रॅम. हिशेब केला तर पहिली किलोला 159 पडली, दुसरी 165. स्वस्त दिसणारी महाग निघाली. हे कुठल्याही मालाला लाव. साबण, चहापूड, बिस्किटं. आधी ग्रॅम, मग रुपये.

भाजीला मी दिवेलागणीच्या आधी गणपत गल्लीत जाते. खेड्यातल्या बायकांना शेवटची बस गाठायची असते, पाटीत पोकळा, शेपू, मेथी राहिलेली असते. कानडीत "एष्ट् री?" (केवढ्याला?) म्हटलं की त्या मराठीतच म्हणतात, "घे की गं, दोन वाटे घे." पण मी त्यांच्याशी फार घासाघीस करत नाही. त्यांची पण पहाटेपासूनची उन्हातान्हाची कमाई आहे.

आमटीला तुरीच्या जागी आठवड्यातून चार दिवस मसूरडाळ. स्वस्त, आणि शिट्टीपण कमी लागते, म्हणजे सिलिंडर चार दिवस पुढं जातो. आपल्या शिवारातला काळ्या मातीतला अख्खा मसूर महाग झालाय, तो फक्त सणावाराला. तुला आठवतंय, भात कापून झालं की येळ्ळूरच्या शिवारात नुसत्या ओलीवर मसूर उगवायचा आणि आपण हिरव्या शेंगा ओरबाडून खायचो? यंदा मी फेब्रुवारीत ओळखीच्या शेतकरणीकडून चार किलो घेऊन ठेवलाय. त्यातला एक किलो तुझ्या नावानं बाजूला काढलाय, कडुनिंबाचा पाला घालून.

आषाढात मंगाईची यात्रा आहे. भाऊजींचे मोकळे दिवस धरून ये, पोरांना घेऊन ये. उधारीवर सामान काही आणू नकोस, तुझ्या घरची दुकानदाराची चिठ्ठी मात्र आण. बाकीचा आकडा किती, ते मला दाखव. आपण दोघी ओट्यावर बसून हप्ते पाडू, आणि मसूर घेऊन जा.

पत्र पोचल्याचं कळव.

तुझीच,
मंदा

ता. क. : सांडग्यांची पिशवी पुढच्या रविवारी इकडून इचलकरंजीला येणाऱ्या पाहुण्यांबरोबर पाठवतेय. तळायच्या आधी दोन तास उन्हात ठेव, उन्हं नसली तर तव्याजवळ. तेल कमी पितील.