'फ्री'चे फ्रेंच मराठीतून शिकवावे

माननीय संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

गेली २२ वर्षे मी पुण्यात मुलांना फ्रेंच शिकवते. यंदा सहामाहीचे पेपर तपासताना 'आज संध्याकाळी मी फ्री आहे' अशा अर्थाच्या इंग्रजी वाक्याचे भाषांतर कित्येक मुलांनी 'ज स्वी ग्रात्वी' असे केलेले आढळले. त्याचा अर्थ 'मी विनामूल्य आहे' असा होतो. हवे होते 'ज स्वी लिब्र'. यात मुलांचा दोष नाही. त्यांच्या पुस्तकाच्या शब्दसूचीत 'फ्री'पुढे 'ग्रात्वी, लिब्र' एवढेच छापले आहे, आणि कोणता शब्द कुठे वापरायचा हे त्या मधल्या स्वल्पविरामावरून कोणालाच कळणार नाही.

ज्याला पैसे पडत नाहीत ते ग्रात्वी. ज्यावर बंधन नाही किंवा जे कोणी अडवलेले नाही ते लिब्र. 'शुगर फ्री' म्हणजे बिनसाखरेच्या पदार्थाला यांतला एकही शब्द चालत नाही, तिथे 'साँ स्यूक्र' म्हणावे लागते. फ्रान्समध्ये दुकानाच्या दारावर 'आँत्रे लिब्र' लिहिलेले असले, तर आत येऊन पाहा, खरेदी केलीच पाहिजे असे नाही, असा त्याचा अर्थ. संग्रहालयाला तिकीट नसेल, तर 'आँत्रे ग्रात्वीत'.

ही अडचण खुद्द इंग्रजीलाही भोवली आहे. अमेरिकी प्रोग्रामर रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ मध्ये ग्नू हा संगणकप्रणाली घडवण्याचा प्रकल्प जाहीर केला, तेव्हापासून 'फ्री सॉफ्टवेअर' म्हणजे फुकटचे नव्हे, तर वापरण्याची, बदलण्याची आणि वाटण्याची मोकळीक देणारे, हा खुलासा त्यांना सतत करावा लागला. फ्रेंचमध्ये 'लॉजिसिएल लिब्र' म्हटले की खुलाशाची गरज उरत नाही. पुढे इंग्रजीत लिहिणाऱ्यांनीही हा 'लिब्र' उचलला. २०१० मध्ये सुरू झालेल्या 'लिब्रेऑफिस' या कार्यालयीन कामाच्या सॉफ्टवेअरच्या नावात तो आहेच.

आपल्या मुलांना हा घोळ मुळात पडायला नको, कारण मोफत आणि मोकळा यांत मराठी माणूस कधी गल्लत करत नाही. पण 'एकावर एक फ्री', 'मी आज फ्री आहे', 'टेन्शन फ्री' असे बोलता बोलता हे वेगवेगळे शब्द मुलांच्या तोंडून गेले आहेत, याचे मला मनापासून वाईट वाटते. म्हणून वर्गात मी इंग्रजी वाक्य आधी मराठीत म्हणायला लावते आणि त्यात 'फ्री' येऊ देत नाही. 'संध्याकाळी मी मोकळी आहे' असे एकदा म्हटले की मुलगी आपणहून 'लिब्र'कडे वळते. अर्थात मराठीवरही डोळे मिटून विसंबता येत नाही: मोकळ्या केसांना फ्रेंचमध्ये सहसा 'लिब्र' म्हणत नाहीत, आणि मोकळ्या भाताला तर नाहीच नाही.

महाराष्ट्रातील शाळांसाठी फ्रेंचची पुस्तके तयार करणाऱ्यांना माझी विनंती आहे की, अशा अनेकार्थी इंग्रजी शब्दांपुढे प्रत्येक फ्रेंच प्रतिशब्दाला जोडून त्याचा मराठी अर्थ आणि एक छोटे वाक्य द्यावे. 'फ्री'साठी त्याला फार तर चार ओळी लागतील.

आपली नम्र,
एक फ्रेंच शिक्षिका, पुणे